आधी पालथी घालून बघा: जुन्या जर्मन चिनीमातीच्या मूर्ती आणि नाताळच्या ताटल्या कशा जमवाव्यात

जर्मनीतल्या न्यूर्नबर्गच्या जुन्या शहरात वर्षातून दोनदा, मे आणि सप्टेंबरमध्ये, ट्रेम्पेलमार्क्ट भरतो. पुण्याचा जुना बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना फार वर्णन करून सांगायला नको. पितळी दिवे, बंद पडलेली घड्याळं, आणि कुणाच्या तरी आजीचं कपाट रिकामं करून खोक्यांत भरून आणलेली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली चिनीमाती. इथे राहायला आले त्या पहिल्याच वर्षी मी तिथून सफरचंदाच्या झाडाच्या बेचक्यात बसलेली एक मुलगी घेतली. विकणारा म्हणाला, अगदी अखंड आहे. मी चेहऱ्यावर भाळले, चाळीस युरो मोजले आणि घरी आणून खिडकीत ठेवली. चार दिवसांनी सकाळचं तिरपं ऊन तिच्यावर पडलं तेव्हा डाव्या बुटाचं टोक किंचित निस्तेज दिसलं. नख फिरवून पाहिलं. बाकीचा बूट काचेसारखा, टोक मेणासारखं. तुटलेलं टोक कुणीतरी भरून वर रंग दिला होता.

ती मुलगी अजून माझ्याकडे आहे. पण तेव्हापासून मी कुठलीही मूर्ती चेहऱ्याकडून बघायला सुरुवात करत नाही. आधी पालथी घालते आणि तळ वाचते, मग हातापायांची बोटं तपासते, चेहरा सगळ्यात शेवटी. पुढचा लेखही त्याच क्रमाने आहे.

घराबाहेर पडण्याआधी: काय जमवायचं?

कठीण, पांढरं, खणखणीत पोर्सेलीन युरोपात पहिल्यांदा जमलं ते सॅक्सनीत. चीनमधून येणाऱ्या भांड्यांमागचं गुपित ब्योटगर आणि चिर्नहाउस यांनी १७०८ च्या सुमारास ड्रेस्डेनमध्ये उलगडलं, आणि १७१० मध्ये राजा ऑगस्टसने जवळच्या माइसेन गावच्या किल्ल्यात कारखाना काढला. १७३१ मध्ये योहान योआखिम केंडलर नावाचा शिल्पकार तिथे रुजू झाला. इटालियन नाटकातली सोंगं, पक्षी, राजवाड्यातली जोडपी, वाद्यं वाजवणारी माकडं, असं काय काय त्याने मातीतून काढलं. शोकेसमधल्या चिनीमातीच्या बाहुलीचं जे रूप आज आपल्या डोळ्यांसमोर येतं, त्याची सुरुवात तिथली आहे. ड्रेस्डेनला गेलात तर झ्विंगर राजवाड्यातलं पोर्सेलीनचं दालन बघितल्याशिवाय परतू नका. डोळा तिथेच तयार होतो. अठराव्या शतकातलं माइसेन मात्र तुमच्या-माझ्या खिशासाठी नाही.

आपल्यासारख्यांना खऱ्या अर्थाने मोकळ्या असलेल्या वाटा चार. पहिली, ड्रेस्डेन आणि थ्युरिंगियातल्या लेसच्या झग्यातल्या नर्तकी. दुसरी, हुमेल बालकं, म्हणजे हुमेल नावाच्या चित्रकर्तीच्या चित्रांवरून केलेल्या खेडवळ मुलांच्या मूर्ती. तिसरी, रोझेंथाल आणि हुटशेनरॉयटर या कारखान्यांच्या १९२०-३० च्या दशकांतल्या मूर्ती. चौथी, नाताळच्या ताटल्या. यातली एकच निवडा. वर्षभर त्याच एका वाटेवर राहिलात तर हाताला वजन आणि डोळ्याला रंग कळायला लागतो. मला विचाराल तर ताटल्यांपासून सुरुवात करा. त्या स्वस्त आहेत, सपाट असल्यामुळे मोडतोड लपत नाही, आणि बहुतेक ताटल्यांवर साल छापलेलं असतं.

तळ वाचणं

सोबत दहापट मोठं दाखवणारं एक छोटं भिंग आणि मोबाइलची बॅटरी एवढं पुरे. मूर्ती उचलताना हात किंवा डोकं धरू नका. एक तळहात खाली, दुसरा कमरेला. मग सावकाश पालथी घाला.

सगळ्यात आधी देशाचं नाव शोधा, कारण त्यावरून काळ बऱ्यापैकी ठरतो. अमेरिकेने १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून नुसतं 'जर्मनी' असेल तर वस्तू सहसा त्यानंतरची. 'यू. एस. झोन' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, अमेरिकेच्या ताब्यातल्या भागातली, साधारण १९४५ ते १९४९ मधली. 'वेस्ट जर्मनी' किंवा 'वेस्टर्न जर्मनी' म्हणजे १९४९ ते १९९०. 'डी. डी. आर.' किंवा 'जी. डी. आर.' म्हणजे त्याच काळातली, पण पूर्व जर्मनीतली. थ्युरिंगिया आणि माइसेन दोन्ही पूर्वेला गेले होते हे इथे लक्षात ठेवायचं. देशाचं नावच नसेल तर लगेच नाक मुरडू नका, निर्यातीसाठी नसलेल्या मालावर ते नसायचंही.

मग कारखान्याची खूण. माइसेनची खूण म्हणजे एकमेकींना छेदणाऱ्या दोन निळ्या तलवारी. त्या हाताने, झिलईच्या खाली रंगवलेल्या असतात, म्हणून नखाला लागत नाहीत. तलवारींवर आडव्या बारीक रेघा खरवडलेल्या दिसल्या तर माल कारखान्यानेच दुय्यम ठरवलेला. जर्मन विक्रेते त्याला 'त्स्वाइटे वाल' म्हणतात, म्हणजे दुसरी प्रत. भाव त्या हिशेबाने उतरला पाहिजे. आणि या तलवारींची नक्कल जगात सगळ्यात जास्त झाली आहे, त्यामुळे नुसत्या तलवारींवर विश्वास ठेवायचा नाही. खऱ्या माइसेन मूर्तीच्या तळाजवळ साच्याचा क्रमांकही मातीत कोरलेला किंवा दाबलेला सापडतो.

'ड्रेस्डेन' या शब्दाने भल्याभल्यांची फसगत होते. इंग्रज मंडळी माइसेनलाच ड्रेस्डेन म्हणत. पण एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेन शहरात पोर्सेलीन रंगवणाऱ्या कितीतरी स्वतंत्र कार्यशाळा होत्या. त्या दुसरीकडून कोरा पांढरा माल आणून त्यावर रंगकाम करत. मुकुट आणि खाली ड्रेस्डेन ही निळी खूण त्यांच्यापैकी चौघांनी १८८३ मध्ये नोंदवली. ते काम सुंदर आहे, माझ्याकडेही आहे, पण ते माइसेन नव्हे, आणि माइसेनच्या भावाने विकत घ्यायचं नाही.

बव्हेरियात उत्तरेला झेल्ब नावाचं गाव आहे. रोझेंथाल तिथलं, १८७९ पासूनचं. खूण मुकुटाची, खाली नाव. हुटशेनरॉयटरची खूण सिंहाची. सोन्याच्या चेंडूवर तोल सांभाळणारी मूर्ती दिसली की सिंह शोधायचा, तो सहसा असतोच. झेल्ब आणि शेजारच्या होहेनबर्गमध्ये मिळून 'पोर्सेलानिकॉन' नावाचं मोठं संग्रहालय आहे. तिथे माती कालवण्यापासून भट्टीपर्यंत सगळं बघायला मिळतं.

हुमेलची गोष्ट जरा विस्ताराने सांगते, कारण जुन्या बाजारात सगळ्यात जास्त तीच भेटतात. बेर्टा हुमेल ही १९०९ साली बव्हेरियातल्या मासिंग गावी जन्मलेली मुलगी. म्युनिकला कला शिकली आणि १९३१ मध्ये झीसेनच्या मठात जोगीण व्हायला गेली. मारिया इनोसेंशिया हे तिचं तिथलं नाव. तिने काढलेली गालगुबऱ्या खेडवळ मुलांची चित्रं फ्रांत्स ग्योबेल या कोबुर्गजवळच्या कारखानदाराने पाहिली, आणि १९३५ मध्ये त्यांवरून केलेल्या मूर्ती बाजारात आल्या. नाझींना ही चित्रं पसंत नव्हती. युद्धाच्या दिवसांत मठाचे हाल झाले आणि १९४६ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, ती क्षयाने गेली. युद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी या मूर्ती घरोघरी नेल्या, आणि तिथून त्यांचं वेड पसरलं.

जर्मन भाषेत 'हुमेल' म्हणजे भुंग्यासारखी गुबगुबीत रानमाशी. म्हणून १९५० च्या सुमारास कारखान्याने आपल्या खुणेत ती माशी घेतली, इंग्रजी व्ही अक्षरात उडणारी. या माशीवरून वय ओळखतात:

- नुसता मुकुट: १९३५ ते १९४९ च्या आसपास.
- मोठी, पंख स्पष्ट दिसणारी माशी: १९५० चं दशक.
- ठिपका आणि त्रिकोणी पंख उरलेली माशी: १९६० चं दशक, थोडं मागे-पुढे.
- ग्योबेल नावावर बसलेली माशी: १९७२ ते १९७९.
- माशी गेली, नुसतं नाव: १९७९ ते १९९१.

याशिवाय साच्याचा क्रमांक खाली कोरलेला असतो आणि बैठकीवर हुमेलची सही. सही नसेल तर सावध व्हा. ग्योबेलने २००८ मध्ये हे उत्पादन थांबवलं. आणखी एक गोष्ट: सर्रास पोर्सेलीन म्हणून विकली जाणारी ही मूर्ती प्रत्यक्षात पोर्सेलीन नसते. तिची माती कमी तापमानाला भाजलेली, सच्छिद्र असते. मागून बॅटरी धरली तर उजेड आरपार येत नाही. खऱ्या पोर्सेलीनची पातळ कड मात्र आतून दूध भरल्यासारखी उजळते. हा फरक धुताना उपयोगी पडतो.

नकली मूर्ती ओळखायची एक जुनी खूण मला फार आवडते. पोर्सेलीन भट्टीत साधारण सहावा हिस्सा आकसतं. कुणी खऱ्या मूर्तीवरून साचा काढून नक्कल केली तर ती भाजताना पुन्हा आकसते, म्हणून मूळ मूर्तीपेक्षा ठेंगणी निघते, आणि केसांच्या बटा, बटणं, पापण्या बोथट होतात. मूळ मूर्तीची उंची टिपून ठेवलेली असेल तर खिशातल्या मोजपट्टीने निकाल लागतो.

बोटं, लेस आणि मान

आता मूर्ती उभी करा. मोडण्याच्या जागा ठरलेल्या असतात: हातांची बोटं, बुटांची टोकं, टोपीची कड, हातातलं फूल किंवा छत्री, आणि मान. प्रत्येक जागी नख फिरवा. खरी झिलई गार आणि कठीण लागते, दुरुस्तीचा रंग किंचित उबदार आणि चिकट. शंका आली तर कानाजवळ धरून नखाने हलकी टिचकी मारा. अखंड पोर्सेलीन वाजतं, तडा गेलेलं बद्द आवाज देतं. सच्छिद्र मातीच्या हुमेलवर मात्र ही परीक्षा चालत नाही.

घरी अंधाऱ्या बाथरूममध्ये अतिनील प्रकाशाची बॅटरी मारून बघा. नोटा तपासायला दुकानदार वापरतात तीच. माझ्या सफरचंदवाल्या मुलीचा बूट त्या उजेडात पांढरट-निळा चमकला, जणू त्यावर चुन्याचा थेंब सांडलाय. बाकी सगळी मूर्ती गडद. काही दुरुस्त्या या उजेडातही लपतात, तेव्हा नख आणि भिंग सोडायचं नाही.

तडे दोन जातींचे. भट्टीतच पडलेल्या तड्याच्या कडा झिलईमुळे गोलसर असतात आणि तो मूर्तीबरोबरच जन्माला आलेला. त्याने किमतीत थोडाच फरक पडतो. नंतर आपटून गेलेला तडा केसासारखा धारदार, आत मळ भरलेला. असा माल मी स्वस्तातही घेत नाही. हुमेलच्या झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसतात, तो वयाचा परिणाम. थोड्या असतील तर चालतं.

लेसच्या झग्यातल्या नर्तकींचा कारभार वेगळा. ती लेस खरी असते, म्हणजे होती. सुती लेस पातळ पोर्सेलीनच्या मातीत बुडवून मूर्तीच्या अंगावर चुण्या घालून बसवत, आणि भट्टीत सूत जळून जाऊन धाग्याच्या जागी माती उरे. भिंगातून बघितलं तर प्रत्येक फासा पोकळ नळीसारखा दिसतो. इतकी नाजूक वस्तू ७०-८० वर्षांनी पूर्ण शाबूत मिळणं अवघड, त्यामुळे मागच्या बाजूला दोन-चार फासे तुटलेले असतील तर मी ते चालवून घेते. समोरच्या झालरीत भगदाड असेल तर नाही. ती दुरुस्त होत नाही, म्हणून 'नंतर करून घेऊ' हा विचारच नको.

आणि आता चेहरा. भिंगातून गाल बघा. हाताने रंगवलेल्या गालावर लाली धूसर होत जाते, भुवईची रेघ एका बाजूला बारीक होत संपते. छापील चित्र असेल तर वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे ठिपके दिसतात. जोडीच्या मूर्ती असतील तर दोघांचे डोळे एकाच हाताने काढलेत का ते पाहण्यात मला विलक्षण आनंद होतो.

नाताळच्या ताटल्या

दरवर्षी नाताळला एक नवी ताटली, ही प्रथा डेन्मार्कची. बिंग अँड ग्र्योंडाल कारखान्याने १८९५ मध्ये पहिली काढली. जर्मनीत रोझेंथालने १९१० पासून सुरुवात केली. बर्फातली खेडी, चर्च, जुन्या शहरांचे चौक, आणि मागे साल व चित्राचं नाव. 'वाइनाख्टन' हा शब्द शोधा, तोच नाताळ. १९७१ पासून रोझेंथालसाठी डॅनिश चित्रकार ब्यॉर्न वीनब्लाड याने सोन्याने लखलखणाऱ्या मोठ्या ताटल्या केल्या. त्या बाकीच्यांपेक्षा वेगळ्या, जवळजवळ आपल्या जरीकामासारख्या दिसतात. वाल्डझासेनच्या बारॉयटर कारखान्याच्या कोबाल्ट निळ्या ताटल्या १९६७ पासूनच्या. हुमेलची वार्षिक ताटली १९७१ पासून.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत या ताटल्यांचं खूळ माजलं. लोक गुंतवणूक म्हणून घेऊ लागले, कारखाने मर्यादित आवृत्ती असं छापू लागले. पण त्यातल्या काहींची मर्यादा म्हणजे ठरावीक दिवस भट्टी चालवून निघतील तितक्या, असा तो हिशेब होता. व्हायचं तेच झालं, बाजार भरून गेला आणि भाव कोसळले. आज त्या काळातल्या ताटल्या मी पाच युरोलाही पाहते. हुमेलचंही तसंच, जमवणारी पिढी म्हातारी झाली आणि मुलांना त्या नकोत. म्हणून साफ सांगते, पैसे वाढतील या आशेने यात पडू नका. घरात बघायला आवडेल तेच घ्या. त्या हिशेबाने मात्र हे दिवस फार चांगले आहेत, कारण पूर्वी कुणी जपून जपून घेतलेली वस्तू आज चहाच्या पैशात मिळते. महायुद्धाआधीच्या ताटल्या अजूनही किंमत राखून आहेत, तिथे कड, सोन्याची रेघ आणि मागचा ठसा नीट बघूनच बोला.

ताटली तपासायची ती उजेडाकडे तिरपी धरून. सुरी-काट्याचे ओरखडे दिसले तर कुणीतरी त्यात जेवलंय. कडेवरून बोट गोल फिरवा, डोळ्याला न दिसलेला टवका बोटाला सापडतो. मूळ खोकं आणि कागद मिळाला तर उत्तम, पण नुसत्या खोक्यासाठी दुप्पट भाव देऊ नका.

कुठे घ्यायचं, काय विचारायचं

जर्मनीत राहणाऱ्यांनी 'हाउसहाल्ट्स-आउफल्योझुंग' हा लांबलचक शब्द पाठ करावा. एखाद्याचं घर मोडताना आतलं सगळं सामान विकतात, ते हे. तिथे भाव कमी आणि इतिहास खरा. विचारायचा प्रश्न एकच: 'इस्ट दास रेस्टाउरिअर्ट?' म्हणजे दुरुस्त केलेलं आहे का. वर्णनात 'बेश्टोसन' असेल तर टवका उडालाय, 'हारऱिस' असेल तर केसभर तडा आहे. ऑनलाइन घेताना तळाचा, हातांचा आणि मागच्या बाजूचा फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ झाली की मी तिथेच थांबते. घासाघीस चालते, पण हसतमुखाने, आणि बाजार उठायच्या वेळी जास्त चालते.

धुणं, टांगणं, घरी नेणं

बेसिनमध्ये जाड टॉवेल अंथरा, नळाच्या तोंडाला कापड गुंडाळा. कोमट पाणी, भांडी घासायच्या सौम्य द्रवाचा एक थेंब, मऊ ब्रश. घासणीची पावडर आणि डिशवॉशर दोन्ही वर्ज्य, झिलईवरचे रंग आणि सोनं त्याने निघून जातं. हुमेल पाण्यात बुडवून ठेवू नका. तळाच्या भोकातून पाणी आत शिरतं आणि भेगांमध्ये डाग धरतो. ओल्या फडक्याने पुसा. लेसला हात लावू नका, रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश किंवा फोटोच्या लेन्सवर मारायचा हवेचा रबरी फुगा वापरा.

ताटल्या टांगायला स्प्रिंगचे तारेचे हूक मिळतात. ते कडेला दाबून धरतात, टवके पाडतात, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात गंजून ताटलीवर तांबडी रेघ ओढतात. एक तर प्लॅस्टिकचं आवरण असलेले घ्या, नाही तर फळीवर खाच पाडून उभ्या ठेवा. पंख्याखाली आणि दाराच्या मागे नको.

भारतात नेताना मूर्ती हातातल्या सामानातच ठेवा. आधी मऊ सुती कापड, मग फुग्यांचं प्लॅस्टिक, मग छोटं खोकं, आणि ते मोठ्या खोक्यात, चारही बाजूंनी कपडे कोंबून. खोकं हलवलं तर आत काही हलता कामा नये. लेसच्या नर्तकीला गुंडाळायचं नाही. तिला बैठकीशी बांधून, झग्याला कशाचा स्पर्श होणार नाही अशी, मोकळ्या खोक्यात उभी न्यायची.

उलट प्रवासाबद्दलही सांगायला हवं. भारतात असलेली शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या पुरावशेष कायद्याचे निर्बंध आहेत, ती जर्मन असली तरी. शंका असेल तर पुरातत्त्व खात्याकडे आधी विचारणा करा.

हे सांगायचं कारण आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन कारखान्यांनी खास हिंदुस्थानच्या बाजारासाठी देवादिकांच्या मूर्ती केल्या. लक्ष्मी, सरस्वती, यशोदा-कृष्ण, बऱ्याचशा राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांवरून. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रित्स श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला. तेव्हा चित्रं इकडून तिकडे जाणं काही आश्चर्याचं नाही. आता या मूर्तींच्या नव्या नकलाही जुन्या म्हणून विकल्या जातात, त्यामुळे वरच्या सगळ्या परीक्षा इथेही लावायच्या. माझ्या आत्याकडे सातारला देवघराच्या वरच्या फळीवर एक वीतभर सरस्वती आहे. लहानपणापासून आम्ही तिला हळदकुंकू लागलेली बघत आलो. दोन वर्षांपूर्वी आत्याची परवानगी घेऊन मी ती दोन्ही हातांनी उचलली आणि पालथी घातली. तळाच्या कडेला, कुंकवाच्या पुटाखाली, मातीत दाबलेली इंग्रजी अक्षरं होती: जर्मनी.